मालिकेतला माझा आजार

३ मार्च
थोरल्या सुनेला आजार हवाय. निर्माते म्हणाले, "कॅन्सर झाला, स्मृती गेली, डोळेही जाऊन आले. काहीतरी नवं काढा."
पाच वर्षं मी या मालिकेचे संवाद लिहितेय. आज पहिल्यांदाच तोंडातून निघून गेलं — सिलिॲक. कुणालाच कळेना. मग सांगितलं. गहू पोटात गेला की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. औषध नाही. गहू जन्मभर बंद.
दिग्दर्शक म्हणाला, "म्हणजे तुझं ते पथ्य? ते खरंच आहे होय?"
इतकी वर्षं मी नखरे करते असंच धरून चालला होता तर.

५ मार्च
कपडेपटात जेवले, हँगरना सोबतीला घेऊन. सगळे जेवतात त्या लांब टेबलावर पावाचा चुरा असतो, म्हणून तिथं बसत नाही. पूर्वी हाका मारायचे. आता मारत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, किती दिवस मारतील?

९ मार्च
ठरलं. धाकटी जाऊ सुनेच्या सूपमध्ये चोरून पीठ कालवणार आणि सून जागच्या जागी कोसळणार.
म्हटलं, असं कुणी कोसळत नाही. वर्षं जातात. माणूस फिका पडतो, वाळतो, दमतो आणि लोक म्हणतात, अंगालाच लागत नाही याच्या.
"वर्षं कुठून आणू? माझ्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे," निर्माते.
मी भांडले. मी! आवाज चिरकला. शेवटी एक प्रसंग पदरात पडला — डॉक्टर घरच्यांना नीट समजावून सांगतो.

१० मार्च
डॉक्टरचा प्रसंग नऊ वेळा लिहिला. वाचून दाखवायला घरात कुणी नाही. भिंतीला दाखवला.

१७ मार्च
दीड मिनिटाचा प्रसंग कापून अकरा सेकंदांचा झालाय. "तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका, नाहीतर आजार सापडत नाही" हे वाक्य उडालं. नेमकं तेच. उरलं एवढंच — "हा अशक्तपणा गव्हामुळे आहे. रक्ताच्या नात्यातल्यांनीही तपासून घ्या."
संकलक म्हणाला, "ताई, एवढं राहिलं हेच नशीब समजा."

२१ मार्च
काल भाग लागला. सून कोसळली, विजा कडाडल्या, टीआरपी चढणार हे नक्की. निर्मात्यांनी केक आणला, माझ्यापुढे धरला आणि मग स्वतःच हसत सुटले. बाकीचेही हसले. मीही हसले.
प्रेक्षकांचे दोनशेवर निरोप आलेत. एकूण एक जणाला धाकट्या जावेला तुरुंगात बघायचंय. आजाराबद्दल एक अक्षर नाही.
भावाचा मेसेज — "तुझा आजार फेमस झाला." उत्तर दिलं नाही. त्यानंही पुन्हा मेसेज केला नाही.

२२ मार्च
सुट्टी. दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी दूधवाल्याला "उद्या अर्धाच लिटर" म्हटलं तेव्हा घसा खाकरावा लागला.

२३ मार्च
आईचा फोन. मालिका रोज बघते, पण माझ्या लिखाणाबद्दल कधी अवाक्षर काढत नाही. आधी नळ, मग गुडघा.
मग म्हणाली, "तो डॉक्टर म्हणाला ना, रक्ताच्या नात्यात असतं... तुझ्या बाबांचं असंच होतं का गं? वाळतच गेले. कुणालाही निदान करता आलं नाही. शेवटी काही पचेना, म्हणून मी दुधात पाव कुस्करून भरवायचे. दोन्ही वेळा. माझ्या हातानं."
बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली. हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.
मी म्हटलं, "छे गं आई. मालिकेत काहीही दाखवतात."