अरुणी मेलेली नाही

मी, लामचिअक, वय वर्षे एकाहत्तर, राहणार पाकनामपो बाजार, नाखोन सावान, सध्याचा धंदा कॉफीचे दुकान, त्याआधीचा धंदा सिनेमाच्या पडद्यामागून बायकांचे आवाज देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने दुकानात येऊन माझ्याशी वाद घालून बघावा. मला कोणी भरीस घातलेले नाही. मनात राग आहे हे कबूल; पण रागावलेल्या बाईचे मृत्युपत्र चालते, हे मी वकिलांना विचारून घेतले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी तवीपला माफ केले होते. तेव्हा मला ताप होता.

कलम पहिले. दुकान, वरची खोली, कॉफीची भांडी आणि गल्ल्यात व बँकेत जे काही निघेल ते सगळे माझी भाची दाओरुआंग हिला. तिने माझे केले आहे, कुरकुर करत का होईना, पण केले आहे. वाट्यावरून कोणी पुतण्या उगवलाच, तर त्याला एक कप कॉफी पाजून वाटेला लावावे.

कलम दुसरे. नदीकडच्या खिडकीजवळचे गोल टेबल दर रविवारी सकाळी सिनेमावाल्यांसाठी मोकळे ठेवावे. मी गेले म्हणून ते उठवू नये. प्रयूर पोस्टमास्तर, चोट न्हावी आणि पूर्वी माझ्या जोडीने पुरुषांचे आवाज देणारा तवीप हे तिघे तिथे बसून जुन्या अंतराळाच्या, जंगलाच्या, पाणबुड्यांच्या सिनेमांचे पुढचे भाग रचतात. सगळ्यात जास्त भाग ‘तांब्याचा ग्रह’ या सिनेमाचे रचून झाले आहेत. पोस्टमास्तरांच्या मते तो ग्रह म्हणजे अंडे आहे आणि दुसऱ्या भागात ते फुटते. चोटच्या मते ग्रहाच्या पोटात शहर आहे. तवीपच्या भागात म्हातारा कप्तान परत जातो आणि तिथली राणी त्याच्यावर भाळते. म्हातारपणी दुसरे काय सुचणार?

मीही त्या सिनेमातल्या अरुणीचा भाग सांगायला जाते, तेव्हा काय होते ते इथे लिहून ठेवते.

“आणि अरुणीचं काय?” मी तळलेल्या पिठाच्या पाथोंगकोची बशी ठेवता ठेवता विचारते.

“मावशी, ती मेली ना!” चोट म्हणतो. “दर रविवारी तुमचं आपलं तेच.”

“मग खिडकीत दिवा लुकलुकतो, तो काय तुझा बाप लावतो?”

“तो तिचा आत्मा,” तवीप कॉफी ढवळत म्हणतो. “मीच बोललोय ते वाक्य. अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे.”

“तू बोललास म्हणून ती मेली होय रे?”

“अगं, इथे तसंच असतं. माईक ज्याच्या हातात, त्याचं खरं.”

सगळे हसतात. मी बशी उचलून आत जाते. माझ्याच दुकानात, माझीच कॉफी पिऊन, हे लोक मला दर रविवारी मारतात.

कलम तिसरे. हे कलम सविस्तर आहे, कारण माझ्यामागे ते सांगणारे कोणी उरणार नाही.

‘तांब्याचा ग्रह’ परदेशातून आला तो नुसता रिळांच्या डब्यात. कोण काय बोलते त्याचा कागद नव्हता. असे पुष्कळदा व्हायचे. मूळ आवाज बारीक करून आम्ही देवळाच्या मैदानात पडद्याकडे बघत बोलणे रचायचो. पुरुष सगळे तवीपचे. बायका, पोरे, माकडे आणि यंत्रे माझी. यान चालवणाऱ्या बाईचे नाव अरुणी हे मीच ठेवले. शेवटी यान सुटावे म्हणून ती बाहेर राहून दार लावते, यान उडते, आणि मागे ग्रहावरच्या झोपडीच्या खिडकीत एक दिवा लुकलुकतो. त्या दिव्यावर मी म्हणायचे, “कप्तान, दार मी लावलंय. उघडायला परत या.” लोक शिट्ट्या मारायचे. बायका डोळे पुसायच्या. तवीपचे आणि माझे लग्न ठरल्यातच जमा होते.

बौद्ध संवत २५२१ साली माझ्या घशाचे ऑपरेशन बँकॉकला झाले. डॉक्टरांनी काही महिने गप्प बसायला सांगितले. ती मुदत संपून पट्टी सुटली त्या दिवशी तवीप भेटायला आला होता. मी पहिला शब्द उच्चारला तो त्याचे नाव. घोगरा आला, पण स्पष्ट आला. तो म्हणाला, “झकास! विश्रांती घे.” आणि परत येऊन त्याने देवळादेवळांत, जत्रेच्या पंचांना सांगितले, की लामचिअकचा आवाज गेला, कायमचा. माझ्या जागी चैनातची एक पोरगी बसवली. ती स्वस्त होती आणि दिसायला गोड होती. ती दिव्यापाशी अडखळली, म्हणून त्याने स्वतःच वाक्य ठोकून दिले: “अरुणी मेली. तो दिवा म्हणजे तिचा आत्मा.”

मी गावी परतले, तर पंच माझ्याकडे भूत बघितल्यासारखे बघायला लागले. “अगं बाई, तू बोलतेस?” बोलते म्हटले. पण हंगामाची कामे वाटून झाली होती. पुढच्या हंगामातही तेच. लोकांना नव्या आवाजाची सवय लागली होती. ज्याला मी जीव लावला त्याने केसाने गळा कापला, आणि वर दर रविवारी येऊन माझ्याकडे कमी साखरेची कॉफी मागतो. मी साखर नेहमी जास्त घालते.

कलम चौथे. माझे हिरवे रेशमी वस्त्र, सोनेरी काठाचे, तवीपच्या बायकोला द्यावे. चैनातची ती पोरगी हीच. माझा तिच्यावर काडीचाही राग नाही. तिलाही त्याने मी मुकी झाले असेच सांगितले होते. ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा बिचारी हातवारे करून कॉफी मागत होती. मी विचारले, “दूध घालू का?” तिच्या हातातला कप खाली पडला. त्यानंतर ती एकटीच येते आणि नवऱ्याबद्दल फारसे बोलत नाही.

कलम पाचवे. प्रोजेक्टर, दोन्ही भोंगे, माईक आणि ‘तांब्याचा ग्रह’ची रिळे. या सिनेमाची दुसरी प्रत आता आमच्या भागात कोणाकडेच नाही. तवीपने ती मिळवण्यासाठी माझ्या मागे लकडा लावला आहे. त्याला ती देवळाच्या जत्रेत दाखवायची आहे आणि शेवटी माईकवरून स्वतःचा दुसरा भाग, तो राणीवाला, लोकांना सांगायचा आहे. म्हणजे अरुणी पुन्हा एकदा मरणार.

तर हे सगळे मी तवीपलाच देत आहे.

अट एकच. माझ्या दहनाच्या आदल्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, देवळाच्या मैदानात हा सिनेमा लावावा. पुरुषांचे आवाज तवीपने माईकवर बसून जिवंत द्यावेत, पूर्वी देत होता तसेच. बायकांचे आवाज माझे असतील. मी भिंतीवर सिनेमा लावून ते टेपवर भरून ठेवले आहेत. तो बसला नाही किंवा मधूनच उठला, तर सगळे सामान ताखलीच्या सनानला द्यावे, जो जत्रेत तवीपच्या नाकातल्या आवाजाची नक्कल करून पोट भरतो.

तवीपला टेप आधी ऐकवू नये. त्याने विचारले तर दाओरुआंगने “काका, नेहमीचंच आहे” असे सांगून चहा द्यावा. हे मृत्युपत्रही सिनेमा संपेपर्यंत त्याला दाखवू नये. बसलास तर तुझे, उठलास तर सनानचे, एवढेच कळू द्यावे. प्रयूर, चोट आणि जत्रेचे जे पंच जिवंत असतील त्यांना पहिल्या रांगेत बसवावे. तवीपच्या बायकोला त्यांच्या मधोमध.

कलम सहावे, दाओरुआंगसाठी. पोरी, नीट वाच.

दिवा लुकलुकला की तवीप त्याचे वाक्य म्हणणारच. इतक्या वर्षांची सवय आहे, जीभ थांबायची नाही. त्यानंतर टेपवर माझा आवाज येईल. मी माझा दुसरा भाग तिथून सुरू केला आहे. अरुणीने रेडिओ दुरुस्त केला आहे आणि ती म्हणते:

“कप्तान, मी मेलेली नाही. दवाखान्यात मी तुला नावाने हाक मारली, तवीप. तू ऐकलीस. ‘झकास’ म्हणालास. मग गावाला खोटं का सांगितलंस?”

यानंतर पडद्यावर कप्तानाचा चेहरा येतो, पडदाभर मोठा, आणि तो बोलायला लागतो. बराच वेळ बोलतो. मूळ सिनेमात काय बोलतो ते आम्हाला कधीच कळले नाही. आमच्या धंद्यात पडद्यावर ओठ हलत असताना माईक गप्प राहिला, तर लोक आरडाओरडा करून खुर्च्या उलट्या करतात, हे तवीपला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

तिथून पुढे माझी टेप कोरी आहे. तो कितीही खाणाखुणा करो, प्रोजेक्टर बंद करायचा नाही आणि मूळ आवाज वाढवायचा नाही. त्याने काहीच न बोलता रीळ संपवले, तर गुंडाळून पुन्हा तिथूनच लावायचे. भन्तेंशी माझे बोलणे झाले आहे. ते म्हणाले, घाई कसली आहे. त्याचे उत्तर ऐकल्याशिवाय मला अग्नी देऊ नये.

हे सगळे मी राजीखुशीने लिहिले, पुन्हा वाचले, आणि एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

सही: लामचिअक

साक्षीदार: प्रयूर, निवृत्त पोस्टमास्तर; चोट, केशकर्तनालय, बाजार गल्ली. दोघांनी मला सही करताना पाहिले आहे. मजकूर मी हाताने झाकून धरला होता.

स्थळ: पाकनामपो, नाखोन सावान
दिनांक: ९ जून, बौद्ध संवत २५६२, रविवार. तवीप बाहेर कॉफीची वाट बघत बसला आहे.