राडामेस, देव त्याला विसावा देवो

बातेय ला हिगेरा,
६ फेब्रुवारी १९९४

चि. एलिहियोस मावशीचे भरभरून आशीर्वाद.

पाकिटावर राडामेसचं नाव पाहून दचकू नकोस. टपाल तुमच्या बेसबॉल संघाच्या हातून जातं, म्हणून बाहेर माझ्या लेकाचं नाव आणि आत तुझं. वाचलंस की फाडून टाक.

अंगण सुनं वाटतं. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता मी मध्येच राडामेस अशी हाक मारायची आणि तू ओ द्यायची, हा आपला सराव. आधी तू वळायचासच नाहीस. शेजारीण तोमासा म्हणायची, अगं नेरेइदा, पोरगा अठराच्या आतला म्हणून पाठवतेस की बहिरा म्हणून? पुढे तू इतक्या चटकन ओ द्यायला लागलास, की मला आत जाऊन बसावं लागलं.

काल दुकानात सगळे तुझा सामना ऐकायला रेडिओला कान लावून होते. तोमासा भरात येऊन म्हणाली, काय फेकतोय आपला राडामेस, देव त्याला विसावा देवो. दुकानदाराने रेडिओचा आवाज वाढवला. नशीब, परका कोणी नव्हता. तिला तरी काय बोलू? गेलेल्याचं नाव घेतलं की मागोमाग ते शब्द येतातच, लहान मूलही विसरत नाही. मी वर्षभर ते गिळतेय.

१२ मार्चला त्याला जाऊन वर्ष होईल. तापाने गेला तेव्हा कचेरीत नोंद केली नाही, क्रॉसवर नाव घातलं नाही, काळे कपडेही घातले नाहीत. अठराच्या आतल्यांच्या स्पर्धेसाठी त्याचे सतरा वर्षांचे कागद मीच तुझ्या हातात ठेवले, तू एकवीसचा असलास तरी. त्याची खंत नाही. पण वर्षाच्या प्रार्थनेत त्याचं नाव मोठ्याने घेऊन निरोप दिला नाही, तर तो इथेच घुटमळत राहील. काय करू ते कळव.

माया आहे तशी राहू दे.
तुझी मावशी, नेरेइदा


सांतो दोमिंगो,
१६ फेब्रुवारी १९९४

ती. मावशीस,
लांबूनच हात जोडतो, तिथूनच आशीर्वाद दे.

काल उपांत्य सामना जिंकलो. आता अंतिम, २० मार्चला. आमचा कॅचर डेल्विस, पलीकडच्या वस्तीतला, मला राडी म्हणतो. म्हणतो, राडी, तू फेकतोस म्हणून मी झेलतो, पण फोटो माझा छापून येतो, कारण मी देखणा. त्याचं सगळं या सामन्यावर आहे. अमेरिकन क्लबचा माणूस त्याला दोनदा भेटला. अंतिम सामन्यात बघतो आणि मग करारावर सही करतो, असं म्हणालाय. डेल्विसने आईला सांगून टाकलंय, की उसाचा कोयता आता तिने विकून टाकावा.

पण एक वाईट बातमी आहे. हरलेल्या संघाने तक्रार केली, की आमचा चेंडू फेकणारा पिचर, म्हणजे मी, पोरगेला दिसत नाही. स्पर्धेचा तपासनीस तुझ्याकडे येणार आहे. भिंतीवरचा राडामेसचा फोटो काढून ठेव. रंगीत झगा घाल. तोमासाला त्या दिवशी बहिणीकडे पाठव. आणि मावशी, प्रार्थना २० तारखेनंतर घालू या. राडामेस रागावणार नाही. माझ्यावर तो कधी रागावलाच नाही.

इथे मैदानात भोंग्यावरून त्याचं नाव पुकारतात तेव्हा मी धावत जातो. हल्ली झोपेतही त्याच नावाला ओ देतो.

विसरू नकोस मला.
तुझा एलिहियो


बातेय ला हिगेरा,
२ मार्च १९९४

चि. एलिहियोस आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

तपासनीस काल आला. चांगला माणूस, दारातच टोपी काढली. तोमासाला मी बहिणीकडे धाडलं होतं, फोटो गादीखाली ठेवला होता, अंगावर पिवळा झगा होता. त्याने संघाचा फोटो पुढे धरला आणि माझा मुलगा दाखवायला सांगितलं. मी तुझ्यावर बोट ठेवलं. तूही माझाच आहेस. लहानपणी काय खायचा, कोणत्या हाताने दगड मारायचा, सगळं विचारलं. मी सगळं राडामेसचंच सांगितलं, त्यामुळे अडखळले नाही. त्याने कॉफी संपवली, कागद घडी करून खिशात ठेवला. निघताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, बाई, तुमच्या राडामेसचा हात म्हणजे देवाची देणगी आहे.

आणि माझ्या तोंडून निघालं, देव त्याला विसावा देवो.

एवढंच. त्याने टोपी घातली नाही, हातातच ठेवली. परत येऊन बसला. आणि मग मी रडले, वर्षाचं सगळं. तो काही विचारत नव्हता रे, मीच सांगत होते.

तोमासाला बाहेर पाठवलं, स्वतःला कुठे पाठवणार होते? शिव्या द्यायच्या तर दे.

मावशी


सांतो दोमिंगो,
८ मार्च १९९४

ती. मावशीस,

सगळे सामने रद्द केले. आम्ही जिंकलेला एकही उरला नाही. संघ बाहेर, प्रशिक्षक फेर्मिन यांना बंदी. म्हातारा नुसते चेंडू मोजून पिशवीत भरत बसला. क्लबचा माणूस त्याच संध्याकाळी गेला. जिथे असली लबाडी चालते तिथला कॅचरही आपल्याला नको, असं म्हणाला.

डेल्विसने मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. बसमध्ये चढताना म्हणाला, आता तुला शिवी द्यायची तर कुठल्या नावाने देऊ, तेवढं तरी खरं सांग. माझ्या तोंडून नाव फुटेना मावशी. मला माझं नाव सांगता आलं नाही.

मी त्या बसमध्ये बसलो नाही. इथेच बाजारात केळ्यांचे घड उतरवतो. तुझ्यावर राग आहे की नाही, विचारू नकोस. आहे. प्रार्थना ठरल्या दिवशीच घाल. मी येणार नाही, तोंड दाखवण्यासारखं नाही.

एलिहियो


बातेय ला हिगेरा,
१३ मार्च १९९४

चि. एलिहियो यास आशीर्वाद, तुला नको असले तरी.

काल प्रार्थना झाली. मी काळा झगा घातला. फोटो भिंतीवर लावला. क्रॉसवर नाव घालून घेतलं. लोक थोडे आले. आसपासच्या वस्त्यांतल्या ज्यांची मुलं संघात होती, त्या आया आल्या नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

शेवटी अंगणात उभी राहून मी हाक मारली. राडामेस. तीनदा मारायची असते. दुसऱ्या हाकेला माझे कान तुझ्या ओची वाट बघत होते, सवय वाईट. कोणी ओ दिली नाही. तेव्हा पहिल्यांदा मला पटलं, की माझा लेक गेला. तिसरी हाक मग नीट मारता आली.

डेल्विस आला होता. मला नमस्कार नाही, काही नाही. कमरेला कोयता तसाच, उसातूनच आला असावा. रीतीप्रमाणे बाहेर डोमिनो मांडून बसलेल्या पुरुषांबरोबर खेळत बसला. मी कॉफी नेली तेव्हा वर न बघता म्हणाला, मावशी, त्याचं खरं नाव काय? मी सांगितलं. त्याने सोंगटी आपटली आणि तुझं नाव घेऊन अशी सणसणीत शिवी हासडली, की प्रार्थना म्हणणारी बाई थांबली. मग पुन्हा एक दिली, नाव आणखी नीट उच्चारून.

ऐकून मला रडू आलं नाही. वर्षभरात तुझं नाव या अंगणात कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

या वेळी पाकिटावरही तेच लिहिलंय. ज्याचं आहे त्याने उघडावं, आणि घरी यावं. शिव्या इथे मिळतील, जेवणही.

राग असो, पण माया तोडू नकोस.
मावशी