अण्णांनी शाईत उतरवलेली गोष्ट

अण्णा, तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. लग्नानंतरही मी बेंगळुरातच राहिले, तुमच्यापासून दोन बसच्या अंतरावर, त्यामुळे तशी वेळच आली नाही. तुम्हाला जाऊनही आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. पण परवा माझी नात बेळ्ळंदूरहून आली, वाटभर ट्रॅफिकला शिव्या घालत. तिला विद्यापीठात साहित्य आणि लेखन शिकायचंय. पहिलं वर्ष नुसतं तयारीचं, मग तीन वर्षं गोष्टी लिहायच्या आणि त्याची पदवी मिळते म्हणे. अर्जाला स्वतःचं काहीतरी लिहून जोडायचं होतं. "आजी, जरा बघ ना," म्हणून तिने कागद माझ्यापुढे ठेवले. मी वाचले, छान आहे म्हटलं. ती गेल्यावर मात्र जे. पी. नगरच्या ह्या आठव्या मजल्यावर मी हे पत्र लिहायला बसले.

तयारीचं वर्ष मलाही होतं. त्याला आपण पी.यू.सी. म्हणायचो. त्याचा फॉर्म तुम्ही भरलात. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित. मला विचारलं नाहीत, आणि विचारायचं असतं हे त्या काळी कुठल्या बापाला ठाऊक होतं? "पोरगी हुशार आहे, सायन्सला जाऊ दे की," एवढं आईला म्हणालात, तेही बूट घालता घालता. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत एक खोली होती, नाजूक तराजू ठेवलेली. वाऱ्याने काटा हलू नये म्हणून तिच्या खिडक्या कायम बंद. मी तिथे घामाघूम होऊन चिमूटभर मीठ तोलत उभी असते आणि भिंतीपलीकडे साहित्याच्या वर्गात कुणीतरी नाटकातला उतारा मोठ्याने वाचत असतं. शब्द कळत नाहीत, फक्त आवाजाचे चढउतार. माझं वजन चुकतं आणि डेमॉन्स्ट्रेटर मला पुन्हा पहिल्यापासून तोलायला लावतात. वर्षभर हेच.

घरी तरी कुठे मोकळं होतं? तुमच्या कारखान्याच्या क्वार्टरच्या दोन खोल्या, मागे हातभर अंगण. डावीउजवीकडे तमिळ बोलणारी कुटुंबं. आई बेळगावजवळच्या खेड्यातून आलेली. तिथली निम्मी बोली कानडीच, पण इथलं कानडी तिला परकं वाटायचं आणि आपलं बोलायची लाज वाटायची. स्वल्प म्हणजे थोडं, बेड म्हणजे नको, सरी म्हणजे बरं, एवढ्या भांडवलावर तिने भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं निभावलं. दुपारी अंगणात धुणं वाळत घालताना ती कपड्यांशी बोलायची. मी पाहिलंय.

परीक्षा झाली तेव्हा मी जेवताना विषय काढला. पुढे सायन्स नको, साहित्याचं ऑनर्स करायचंय. आईने वाढायचं थांबवलं.

"गोष्टी लिहून पोट भरतंय काय गं?" तुम्ही विचारलंत.

"नाही भरत."

"मग?"

"मग काय, अण्णा. मला तिथे गुदमरल्यासारखं होतं."

तुम्ही भात कालवून घेतलात. "सरी," म्हणालात. "जा की मग. पण नीट जायचं. अर्धंमुर्धं काम मला चालायचं नाही." त्या दिवशी तुमच्या पाया पडावं असं वाटलं होतं. पडले नाही.

ऑनर्सला जागा मोजक्या. विभागाच्या प्रमुख बाई प्रत्येक मुलीकडून इंग्रजीत लिहिलेली एक गोष्ट मागवत आणि तिच्यावरूनच मुलाखत घेत. मी आईवर लिहिलं. आईवर म्हणजे, क्वार्टरमध्ये राहणाऱ्या आणि कपड्यांशी बोलणाऱ्या एका बाईवर. शेवटचं वाक्य असं होतं, की तिला इथून पळून जायचं होतं.

आणि रविवारी मी मैत्रिणीकडून परत येते, तर तुम्ही ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन बसलेले. शेजारी माझी वही. कारखान्यात यंत्रांचे नकाशे तपासायच्या तुमच्या रीतीप्रमाणे तुम्ही ती तपासली होती. बरोबर असेल तिथे पिवळी पेन्सिल, चूक असेल तिथे तांबडी. मग काळ्या शाईत, नकाशावर लिहायच्या त्या तुमच्या उभ्या देखण्या अक्षरात, अख्खी गोष्ट जाड कागदावर उतरवून काढली होती. वर कडी म्हणजे खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखून एका ओळीत 'लेखन' म्हणून माझं नाव आणि खालच्या ओळीत 'तपासणी' म्हणून तुमची सही. यंत्राचा सुटा भाग असो की मुलीची गोष्ट, तुमच्या हातून चौकटीशिवाय कागद बाहेर गेला नसता.

"हे काय केलंत?"

"साफ करून दिलं. ओरिजिनल कधी बाहेर द्यायचं नसतंय. हरवलं म्हणजे?"

"आणि हे शेवटचं वाक्य? तिला घरची आठवण येत होती, असं मी कुठे लिहिलंय?"

तुम्ही स्वयंपाकघराकडे पाहिलंत, आवाज खाली आणलात. "ते असू दे. तिनं कधी वाचलं तर?"

"तिला इंग्रजी कुठे येतं?"

"मला येतंय की," तुम्ही म्हणालात.

पुन्हा लिहायला वेळ होता, वही समोर होती, तरी मी तोच जाड कागद पाठवला. राग गिळून पाठवला म्हणू या.

मुलाखतीला बाईंनी तो हातात घेतला आणि त्यांना हसू फुटलं. चौकटीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे तपासणारे कोण? वडील, मी सांगितलं. मग हसू आवरून त्या कानडीत म्हणाल्या, "इदु नीने बरेदद्दा?" हे तूच लिहिलंस का? आणि मी म्हणाले, "अल्ल." नाही. एक वाक्य सोडलं तर सगळं माझं होतं, अण्णा. पण त्या क्षणी मला तुम्हाला शिक्षा करायची होती.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तुमच्या अक्षरामुळे जागा गेली. मी मुकाट्याने बी.एस्सी.ला गेले, आणि त्यानंतर तुम्ही घरात एक अक्षर लिहिलं नाहीत. अंतर्देशीय पत्रसुद्धा पत्ता घालायला माझ्यापुढे सरकवायचात. "तूच लिही. माझं नको." लोणच्याच्या बरण्यांवर तुमच्या हातच्या चिठ्ठ्या असायच्या, त्याही बंद झाल्या. मी पाहत होते. एकदाही म्हटलं नाही, की अण्णा, तसं नव्हतं.

पुढे मी सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, बंद खिडक्यांच्याच एका खोलीत. लग्नामुंजीत ही गोष्ट मी रंगवून सांगायचे. वडिलांच्या सुंदर अक्षरापायी माझी लेखणी बुडाली म्हणून. लोक पोट धरून हसायचे. तुम्ही तिथेच खुर्चीवर असलात तर तुम्हीही हसायचात, जरा उशिरा.

हे पत्र टाकायला पेटी नाही. असती तरी मी टाकलं नसतं, कारण मुलाखत 'अल्ल'वर संपलीच नव्हती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "हरकत नाही. बाहेर बाकावर बस आणि तुझं स्वतःचं काहीतरी लिही. अर्धं पान पुरे. मी चार वाजेपर्यंत आहे." बाकावर ऊन नव्हतं, मला कुणी हाक मारली नाही, पेनात शाई होती. तुम्ही कामावर होता, आई घरी. चार वाजता मी तो कागद तसाच कोरा बाईंच्या टेबलावर ठेवला आणि बस पकडली. मला काहीच सुचलं नव्हतं, अण्णा.