डब्यांऐवजी गाळण्या

२० जानेवारी २००९, मंगळवार

उरकलं एकदाचं हळदीकुंकू! वाण म्हणून स्टीलचे डबे द्यायचे ठरले होते, दिल्या प्लास्टिकच्या गाळण्या. समोरच्या शहाबेन गाळणी उलटसुलट करत म्हणाल्या, "मिस्टर तो आफ्रिका में हैं ना?"

आहेत. लागोसला आहेत, पगार तिथल्या नायरात मिळतो, आणि कच्चं तेल उतरल्यापासून नायरा नुसता घसरतोय. हे काय कुंकू लावता लावता सांगायचं? गाळण्या! शी.

मग ह्यांचा फोन. मलाच समजावतायत, "अगं, तेल उतरलं म्हणजे तिकडे पेट्रोल स्वस्त झालं असेल, तेवढाच फायदा." कुणाला? आपल्याकडे साधी स्कूटर तरी आहे का?

वर विचारतात, "डबे आवडले का बायकांना?"

म्हटलं, हो, फार.