नव्वद लिटरचा बोर्ड

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. समोरासमोर बोललं की तू हसून वेळ मारून नेतोस. कागदापुढे तुझं हसू चालणार नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबांनी जन्मभर शिडं शिवली. तुझ्या शर्यतींची, माझ्या विंडसर्फिंगच्या शाळेची. स्वतः मात्र कधी बोर्डावर पाय ठेवला नाही. काम सोडल्यावर एकदा चहा घेता घेता, माझ्याकडे न बघताच, म्हणाले, "मला जमेल का गं?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वजन ऐंशीच्या घरात, त्यात अगदीच नवखे. अशा माणसाला सहज तरंगवायला बोर्डाचे लिटर वजनाच्या किलोंपेक्षा निदान शंभरने जास्त लागतात. मी दोनशे लिटरचा काढून ठेवला, दारासारखा रुंद, वर उभं राहून चुळबूळ केली तरी न डगमगणारा. सोबत लहान, हलकं शीड. मंद वारा किनाऱ्याकडे येईल अशा सकाळची आम्ही दोघं वाट बघत होतो.

आणि तू सुट्टीला आलास. "हे काय जेवणाचं टेबल काढलंयस? बाबा, तुम्ही माझा घ्या!" तुझा नव्वद लिटरचा. तो वेगात असेल तरच माणसाला पेलतो, थांबला की पायाखालून बुडतो. हे तुला ठाऊक नव्हतं असं निदान मला तरी सांगू नकोस. तुला फोटो हवा होता, चॅम्पियनच्या बोर्डावर चॅम्पियनचे वडील. मी पलीकडे वर्ग घेत होते. वारा जमिनीकडून सुटला होता. बाबा चढत होते, पडत होते, आणि दर वेळी आणखी आत जात होते. तू पाण्याकडे पाठ करून मित्रांना टाळ्या देत बसला होतास. मी मोटरबोट घेऊन पोचले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. धड बोलता येत नव्हतं, तरी पहिलं विचारलं ते, "शीड फाटलं नाही ना?"

किनाऱ्यावर तू काय म्हणालास आठवतं? "वय झालं, बाबा. तोल राहिला नाही तुमचा." चोराच्या उलट्या बोंबा! आणि दुसऱ्या दिवशी बॅग उचलून चालता झालास.

तेव्हापासून बाबा पाण्याकडे फिरकलेले नाहीत. चांगले खुर्चीवर चढून दिवा बदलणारे आपले बाबा आता जिना उतरताना भिंत धरतात. मी वजन, लिटर, वारा, सगळं समजावून सांगितलं. म्हणाले, "तू मायेपोटी बोलतेस. तो त्यातला जाणकार, तो उगाच कशाला म्हणेल?" माझं वर्षानुवर्षांचं शिकवणं एका बाजूला आणि तुझं एक वाक्य दुसऱ्या बाजूला. म्हणून हे पत्र. मला तुझी माफी नको, आणि इतक्यात इकडे येऊही नकोस. फक्त बाबांशी बोल आणि सांग, की तोल तुमचा गेला नव्हता, अक्कल माझी गेली होती. ते तुझ्यावरच विश्वास ठेवतील, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
धाकटी