उन्हाळ्याचं तेल

आई, आज दुपारी गॅरेजवर एक बाई आल्या होत्या आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चहा ठेवला तो उतू गेला. पान्याऐवजी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. नवऱ्याला सगळं दोनदा सांगून झालं. तो दोन्ही वेळा मनापासून हसला आणि पंक्चर काढायला परत गेला. त्याचंही बरोबर आहे, त्याने तुला पाहिलेलंच नाही. हे ऐकायला खरं तर तूच हवी होतीस, म्हणून लिहायला बसले आहे.

तू गेल्यानंतरचं थोडं आधी सांगते, नाहीतर तुला काही उमगायचं नाही. तिसगावला रस्त्याच्या कडेला आमचं दोघांचं गॅरेज आहे. टायर आणि ब्रेक त्याच्याकडे, इंजिन माझ्याकडे. तुझी जीप दादांनी विकली, पण जीपला टेकून उभी असलेली तू, तो फोटो मी पान्यांच्या फळीवर लावला आहे. आता घराघरापुढे कार उभ्या असतात. उन्हाळ्याला चाळीस नंबरचं जाड तेल आणि हिवाळ्याला तीस नंबरचं पातळ, हा तुझा घोळही राहिला नाही. बारा महिने एकच तेल चालतं, गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल ते घालायचं. बॅटरीवरच्या गाड्या तर अशा आल्यात की त्यांना इंजिनच नाही, मग तेल कुठलं. तू असतीस तर बॉनेट उघडायला लावून खात्री करून घेतली असतीस. पण ऊन आपलं तेच आहे, आणि धूळही तीच. उन्हाळा लागायच्या आत तेल बदलून घ्या, असं मी येईल त्याला सांगते. लोक हो म्हणतात आणि मे महिन्यात येतात.

आजच्या बाईही तशाच आल्या. पन्नाशीच्या असतील. पांढरी कार, स्वतः चालवत, एकट्याच. सोनईहून निघाल्या होत्या, माहेरी जामखेडला जायचं होतं. गाडीचा आवाज रखरखीत येतोय म्हणाल्या. मी त्यांना पंख्याखाली बसवलं, इंजिन निवू दिलं, मग तेलाची पट्टी ओढून पुसली आणि पुन्हा बुडवून बघितली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, काळं, आणि बोटावर घेतलं तर पाण्यासारखं ओघळणारं. शेवटचं कधी बदललं विचारलं तर म्हणाल्या, दिवाळीच्याही आधी. मी म्हटलं, ताई, गुढीपाडव्याला बदलायचं असतं, गाडीलाही ऊन लागतं. हे वाक्य माझं नाही, तुझं आहे. ते तोंडातून जाताना मला तसं जाणवतही नाही. पण बाई चमकल्या. त्यांनी मान वर केली, फोटोकडे पाहिलं, उठून जवळ गेल्या आणि विचारलं, "ह्या कोन?"

माझी आई, मी म्हटलं. जीप चालवायची.

"जीपवाल्या अक्का?" त्या म्हणाल्या, आणि तिथल्या स्टुलावर बसल्याच. "आवो, माझ्या लग्नाचं वऱ्हाड ह्यांनीच आनलं हुतं."

आई, तुला ते लग्न आठवत असेल का? मी त्यांना लगेच ओळखलं असं नाही, पण तो दिवस मात्र डोळ्यांपुढे उभा राहिला. दादांची नजर अधू झाली आणि त्यांची जीप दारात उभी राहिली, तेव्हा नवऱ्याच्या जागी तू कोरड्या नदीच्या वाळूत गाडी शिकलीस. दादा शेजारी बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, आता गिअर टाक. लोक आधी हसले, मग बसायला लागले, आणि मग तुझ्याच जीपची वाट बघायला लागले. पाडव्याला गुढी उभारून झाली, पुरणाचा हात धुतला, की तू जीपखाली. मला यातलं काही शिकायचं नव्हतं, मी नगरला कॉलेजात होते आणि मला बँकेत नोकरी हवी होती. तरी एकदा सुट्टीत कुरडया तळताना तू मला चुलीजवळ ओढलंस. पळीतून तेल कढईत सोडलंस, ते सुस्त, जाड धारेनं पडलं. ते तापल्यावर पुन्हा पळीत घेऊन सोडलंस, तर धार लागायच्या आत संपलं. "इंजिनात बी असंच हुतं," तू म्हणालीस. "तेल लई पातळ झालं की मधी काई ऱ्हात न्हाई, मग लोखंड लोखंडाला खातं." मी कुरडई खाल्ली आणि विषय विसरले.

त्याच सुट्टीतलं हे लग्न. नवरदेव आपल्याच भागातला, नवरी जामखेडकडची. मी जेवणाच्या आशेने तुझ्या शेजारी बसले होते. मागे नवरदेव, त्याचा मामा आणि दाटीवाटीने बाकीचं वऱ्हाड. तिसगाव सोडून फार लांब गेलो नसू, खडीचा एक तुकडा ओलांडताना खालून ठण्णकन आवाज आला. थोड्या वेळाने इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे तुझी नजर गेली. काटा खाली झुकत होता. तू गाडी बाजूला घेतलीस आणि सरळ इंजिन बंद केलंस.

त्या उन्हात डांबर चपलांना चिकटत होतं. मामा आधी समजुतीने बोलला, मुहूर्त दुपारचा आहे, तसंच दामटा. मग रस्त्यावर उभं राहून त्याने येणाऱ्या गाड्यांना हात केले. कांद्यांनी भरलेला एक टेम्पो गेला, एक ट्रक गेला, थांबलं कुणी नाही. मग त्याचा तोल सुटला. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली तेव्हाच कळायला हवं होतं, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुझ्या कानाशी लागून म्हटलं, हळूहळू नेऊ ना, काटा काय, कधी कधी उगाचच पडतो. तू मामाकडे पाठ केलीस. माझ्याकडे वळलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुला नुसतं निघायचं हाय का पोचायचं हाय? पोचायचं आसंल तर गप बस."

मला ते फार लागलं होतं. आज मी तेच वाक्य घाईतल्या गिऱ्हाइकांना सांगते, थोडं मऊ करून.

तू पदर खोचून जीपखाली गेलीस. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट दगडाने ढिला झाला होता, त्यात बसणारं चकतीसारखं वायसर कुठेतरी पडलं होतं, आणि तेल थेंबाथेंबाने रस्ताभर सांडत आलं होतं. नट नुसता आवळून भागणार नव्हतं, मध्ये काहीतरी बसवायला हवं होतं, आणि एकटीचे हात पुरत नव्हते. तेव्हा नवरदेव उठला. काडीसारखा बारीक मुलगा, नवा कोरा पांढरा सदरा. त्याने मुंडावळ्या काढून जीपच्या आरशाला अडकवल्या आणि खाली वाकून तुला म्हणाला, "अक्का, काय करायचं ते सांगा. मला ह्यातलं कळत काईच न्हाई, पन हात हायेत." तू त्याच्या पायांकडे बघितलंस आणि त्याची नवी कातडी चप्पल मागितलीस. त्याने विचारलंही नाही कशाला. तू सुरीने तिच्या टाचेतून एक गोल कापून काढलास, मध्ये भोक पाडलंस. इंजिन निवेपर्यंत तू कुणालाच हात लावू दिला नाहीस. मग तुम्ही दोघं शेजारी शेजारी जमिनीवर पडलात, त्याने अंगठ्याने नट वर दाबून धरला, तू पाना फिरवलास. उरलेलं काळं तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. सीटमागच्या डब्यातलं उन्हाळ्याचं तेल तू भरलंस, पट्टी पुन्हा पुन्हा बघितलीस आणि जीप चालू केलीस. काटा वर चढला. सगळ्यांच्या आधी मामा गाडीत जाऊन बसला होता.

मुहूर्त टळला होताच. भटजींनी दुसरा काढला, लग्न लागलं, मी जेवले, आणि त्या दिवसाची माझी गोष्ट तिथे संपली होती. पलीकडे काय झालं ते मला आज कळलं.

त्या बाई सांगत होत्या, मांडवात लई गोंधळ उडाला होता. चुलते म्हणत होते, पोरगं पळालं. नवरी, म्हणजे ह्याच बाई, आत रडून रडून डोळे सुजवून बसलेली. पोरगा नीट पाहिलेलाही नव्हता, कसा निघेल, कुठे नेईल, काही ठाऊक नाही. मग एकदम वाजंत्री वाजली आणि तिला बाहेर आणून उभं केलं. अंतरपाटाखालून तिला आधी दिसले ते त्याचे हात. कोपरापर्यंत काळे. आधी ती घाबरली आणि मग तिला हसू फुटलं, मंगलाष्टकं चालू असताना, सगळ्यांच्या देखत. हार घातला तर फुलांवर बोटांचे ठसे.

"पन खरी गोष्ट पुढं हाय," त्या म्हणाल्या. जेवणं झाल्यावर त्या हात धुवायला मागच्या नळावर गेल्या, तर तिथे तू मातीने हात घासत होतीस. त्यांचे सुजलेले डोळे तू बघितलेस. विचारपूस केली नाहीस, समजूतही घातली नाहीस. "तुमच्या आई एवढंच बोलल्या," त्या म्हणाल्या आणि फोटोकडे बघून त्यांनी तुझे शब्द मला सांगितले. "पोरगं चांगलं हाय, बाई. कळत न्हाई ते कळत न्हाई म्हनून सांगतं आन हात काळे करून घेतं. आता रडू नको."

आई, तू हे घरी येताना मला का सांगितलं नाहीस? वाटभर तू नुसती पुढे बघत गाडी चालवत होतीस आणि मी रुसून बसले होते. त्या बाई म्हणाल्या, "त्या एका वाक्यावर मी गाडीत बसले, न्हाईतर आईच्या गळ्यातला हात सुटत नव्हता." पुढे नवरा कारखान्याच्या वर्कशॉपला लागला, हाताखालचा म्हणून गेला आणि शिकत शिकत फिटर झाला. म्हणाला, अक्कांबरोबर जमिनीवर पडलो तेव्हाच ठरवलं होतं. मुलं मोठी झाल्यावर त्यानेच हिला गाडी शिकवली. एक बाई चालवती तर दुसरीला काय झालं, असं म्हणून. त्यांचा संसार सुखाचा झालाय. हे त्यांनी सांगितलं नाही, नवऱ्याबद्दल बोलताना त्यांचं जे तोंड दिसत होतं त्यावरून मला कळलं.

मी तेल बदललं, फिल्टर बदलला, चेंबरच्या नटाला नवं वायसर घातलं, आणि त्या नादात नट दोनदा हातातून निसटला. मग चक्कर मारून बघायला आम्ही दोघी निघालो. गाडी कशी लोण्यासारखी पळत होती, तू बघायला हवी होतीस. थोडं गेल्यावर त्या म्हणाल्या, "जीप जिथं थांबली हुती ती जागा दावता का?" मी हो म्हटलं. रस्ता आता रुंद झालाय, दोन्ही बाजूंची झाडं गेली, नवे ढाबे झाले, पेट्रोल पंप झाला. मी नुसतीच बघत राहिले. मग उरलेल्या एका कडुलिंबाजवळ गाडी घ्यायला सांगितली आणि म्हटलं, इथे.

त्या उतरल्या. त्या रणरणत्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन रस्त्याच्या कडेच्या मातीकडे बघत उभ्या राहिल्या. मग नवऱ्याला व्हिडिओवर फोन लावला. मोबाईल फिरवून त्यांना लिंब दाखवला, रस्ता दाखवला, मला दाखवलं. पलीकडचा टक्कल पडलेला, हसऱ्या डोळ्यांचा माणूस पडद्याच्या अगदी जवळ आला. मग म्हणाला, "व्हय, हीच. हितंच पडलो हुतो आमी."

आई, मला ती जागा ओळखू आलीच नव्हती. तो लिंब मी सावली बरी होती म्हणून निवडला.