लिव्हरनं गेलेल्या ओळी

महाल, नागपूर
मंगळवार, २० मे २०२५

चि. मयुरा,

तुले बाबाचे आशीर्वाद. मी आणि तुझी आई तब्येतीनं बरे आहोत. ऊन असं तापून राहिलं की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. कुलरचा पंप बंद पडला होता, तो मीच खोलून साफ केला, आता पाणी बरोबर पडते. शेजारच्या चंपतरावांनी कैऱ्या पाठवल्या, आईनं पन्हं केलं. बाकी विशेष काही नाही.

तू म्हणशील, बाबा पंपाचं काय सांगून राहिले! बरोबर आहे. चाळीस वर्षं लोकांचे अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं शुद्ध भाषेत टाइप केली, आणि स्वतःच्या पोरीले लिहायले बसलो तर पेन पुढं सरकत नाही. म्हणून घरी बोलतो तसंच लिहितो. वेळही नाही. तुझी आई संध्याकाळच्या गाडीनं पुण्याले, तुझ्याकडं निघून राहिली आणि हे पत्र तिच्याच हाती द्यायचं आहे. स्वयंपाकघरातून आताच आवाज आला, "झालं का हो? पत्र लिहिता का पोथी?"

तर सरळ मुद्द्यावर येतो. तू घरी येणार होती. अंकुशचं घर सोडून, बॅगा घेऊन, कायमची. आईनं वरची खोली धुऊन काढली होती, पलंगावर नवी चादर टाकली होती. मग माझ्या त्या ओळी तुझ्या फोनवर आल्या. तू उत्तर दिलं, "बरं, बाबा." आईले एकदा फोन केला, आणि त्यानंतर तुझा फोन बंद. आईनं तुझ्या पुण्याच्या मैत्रिणीले, पायलले, फोन लावला तर ती म्हणाली, "काकू, मयुरा माझ्याकडं आहे, बरी आहे, पण सध्या कोणाशी बोलायचं नाही म्हणते." तू आता या घरी येशील का नाही, मले तेवढंच पाहिजे. दुसरं काही सुचत नाही. खाली बसलो तर वर जावंसं वाटते, वर गेलो तर त्या चादरीकडं पाहून पुन्हा खाली येतो. बसल्या जागी बोटं मांडीवर टाइप करत राहतात. आई म्हणते, "हात आवरा, पाहुण्यांसमोर कसं दिसते ते."

तू दिवाळीले पाठवलेल्या कीबोर्डचं सांगतो, कारण सगळं तिथूनच झालं. खोकं उघडलं तेव्हा मी आईले म्हटलं, "घ्या! आपण जुना टाइपरायटर भंगारात दिला आणि पोट्टीनं नवा घेऊन पाठवला." त्या गोल गोल कळा, त्यांच्या भोवती चकचकीत कडी, डाव्या अंगाले लिव्हर, आणि आवाज तर अगदी आपल्या टायपिंगच्या क्लासातला, खटखट खटखट. फक्त खालून लाल-निळे दिवे लागत होते, लग्नाच्या मांडवासारखे. खोक्यावर लिहिलं होतं, लिहायलेही चालते आणि गेम खेळायलेही. मी म्हटलं, अरे बाप्पा, या वयात मी काय गेम खेळतो!

आणि तू तो पडत्या शब्दांचा गेम माझ्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. वरून शब्द पडायचा, जमिनीले टेकायच्या आत टाइप केला की फटाक्यासारखा फुटायचा. काय नाद लागला मले! दर रविवारी सकाळी तू पुण्यातून आणि मी महालातून, एका वेळी बसायचो. हरली की लगेच तुझा फोन, "बाबा, तुम्ही चीटिंग करता!" मी काय चीटिंग करणार वं? अर्ध्या नागपूरच्या कचेऱ्या भरतील एवढे पोट्टे-पोट्ट्या मी शिकवले. तुले तरी कुठं सोडलं होतं? सुट्टीत क्लासात बसवून सरळ बोटं ठेवायले लावली, तेव्हा रडली होती. मागचे दोन रविवार मी गेम उघडून बसलो. तुझं नाव आलं नाही. शब्द पडत राहिले आणि मी एकही फोडला नाही.

आता आमच्या सवयी तुले माहीतच आहेत. टायपिस्टनं कळांकडं पाहायचं नाही आणि कागदाकडंही पाहायचं नाही. जो खाली पाहायचा त्याच्या हातावर मी रुमाल टाकायचो. ओळ भरत आली की डावा हात आपोआप लिव्हरकडं जातो, ओढलं की नवी ओळ. या कीबोर्डच्या लिव्हरले तू एंटरचं काम देऊन ठेवलं होतं. मी आतापर्यंत साध्या पानावरच टाइप करत होतो, तिथं लिव्हर ओढलं की नवी ओळच यायची. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आणि वकिलांच्या कामातली एक सवय. पक्षकार तापून यायचा. वकीलसाहेब म्हणायचे, "रुपराव, याच्या पोटात जे काही आहे ते सगळं घ्या टाइप करून." मी घ्यायचो. शिव्या सोडून सगळं. मग तो कागद बाजूले ठेवायचा, पक्षकाराले चहा पाजायचा आणि शांतपणे दुसरा मसुदा करायचा. पोस्टात तोच जायचा. पहिला मसुदा मी जन्मात कोणाले जाऊ दिला नाही.

त्या दिवशी वरची खोली आवरून झाल्यावर आईनं मले सांगितलं की तू कायमची येणार आहे. माझं डोकंच फिरलं. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडं होतं, त्यात तुझीच खिडकी समोर होती. मी तिथंच मसुदा सुरू केला. म्हटलं, आधी पोटातलं काढतो, मग खोडून नीट लिहितो. नजर समोरच्या कॅलेंडरवर, बोटं आपली चालू. "अंकुश दारू पीत नाही, हात उचलत नाही, मग झालं काय?" लिव्हर. "नवरा बोलत नाही, हे काय घर सोडायचं कारण झालं?" लिव्हर. "इथं गल्लीत मी लोकांले काय सांगू?" लिव्हर. "आमच्या म्हातारपणी आमच्या डोक्यावर हे आणून ठेवायचं होतं का?" लिव्हर. मी समजत होतो नवी ओळ सुरू होऊन राहिली, आणि इकडं एकेक ओळ तुझ्याकडं जाऊन राहिली होती.

तू आईले फोन करून एवढंच सांगितलं होतं, "मी येत नाही, का ते बाबांले विचार." तिनं विचारलं. मी तिले लिव्हरचं सगळं समजावून सांगितलं, कीबोर्ड दाखवला, ओढूनही दाखवलं. तिले पटलं. तिनं त्या कीबोर्डवर पोळ्यांचं फडकं टाकलं आणि म्हणाली, "जळो मेलं ते यंत्र!" तेव्हापासून ती तुले सांगून राहिली असती, पण तुझा फोन बंद. म्हणून निघाली. भिवापूरच्या मामाकडचं तिखट बांधून घेतलं, सांडगी मिरच्या घेतल्या, कुरड्या घेतल्या. पिशव्या पाहून वाटते पोरीची समजूत घालायले नाही, दुकान लावायले चालली. आणि डबे भरता भरता तुझ्यासमोर काय बोलायचं ते म्हणून पाहते. मले इथं ऐकू येऊन राहिलं: "तुझ्या बाबांनी तुले पाठवलंच नव्हतं वं. त्या यंत्रानं पाठवलं. त्यांच्या मनात तसं काही नाही."

हेच मले सहन होऊन नाही राहिलं.

मयुरा, आई सांगणार ते अर्धंच खरं आहे. अर्धं मी तिच्यापासून लपवलं. त्या चौथ्या ओळीनंतर पाणी प्यायले म्हणून मी तांब्या उचलला आणि नजर स्क्रीनवर गेली. ओळी एकाखाली एक हिरव्या चौकटीत उभ्या होत्या. पुढं निळ्या खुणा आल्या होत्या. तू वाचून राहिली होती. वर दिसत होतं, तू काही टाइप करून राहिली, मग थांबली, मग पुन्हा टाइप करून राहिली. लिव्हर काय करते ते मले तिथंच समजलं. मी काही भैताड नाही. तांब्या खाली ठेवला आणि हात पुन्हा कळांवर ठेवले.

काहून ठेवले, हे मी तेव्हापासून स्वतःले विचारून राहिलो. राग होता, हे तर आहेच. पण खरं सांगू का, किती वर्षांनी बोटं अशी धावली होती. एक चूक नाही, एक अडखळ नाही, पूर्ण घरात खटखट घुमून राहिलं होतं. आणि मनात आलं, गेलंच आहे तर आता पूर्ण जाऊ दे. त्यानंतरच्या दोन ओळी मी कॅलेंडरकडं पाहून नाही लिहिल्या. तुझ्या नावाकडं पाहून लिहिल्या. "दिल्या घरीच राहा." लिव्हर. "इकडं येऊ नको." लिव्हर. ते लिव्हर मी ओढलं. यंत्राचा काही दोष नाही.

मग तुझं ते टाइप करणं थांबलं आणि "बरं, बाबा" आलं. तू भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी पण भांडलो असतो आणि कदाचित त्याच दिवशी मिटलं असतं. पण तू बोललीच नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, राग आहे, उतरून जाईल. दुसऱ्या दिवशी फोन हातातच धरून बसलो. त्यानंतर काय झालं ते मले नीट सांगता येत नाही. गल्लीत कोणाचा फोन वाजला तरी उठून उभा राहतो. आईनं "चहा घेता का" विचारलं तर तिच्यावर खेकसतो. कुलरचा पंप काही बिघडला नव्हता खरं म्हणजे, मीच उगाच खोलला. हाताले काही काम पाहिजे होतं.

आणि काल संडासाच्या दारात उभा होतो, जागाही काय पाहा, आणि एकदम समजलं की तू आईले काय सांगत होती. एका घरात राहून माणूस महिना महिना बोलत नाही. वाढलं की ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातो. विचारलं तर मान वळवतो. तू आईपाशी रडून हे सांगितलं, आणि आईनं मले सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "बोलत नाही ना फक्त?" अवं, माझी पोरगी दोन आठवडे बोलली नाही तर मी वेडा व्हायले आलो. माझ्याजवळ तर तुझी आई आहे, चंपतराव आहेत, पूर्ण गल्ली आहे. तू त्या घरात एकटी इतकी वर्षं कशी काढली वं? आणि आम्हाले कळू दिलं नाही. रविवारी हरून हसत ओरडायची, तेव्हाही तो बाजूच्या खोलीत तोंड बंद करून बसलेला असेल. मले रडू येऊन राहिलं, आणि आईले दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून लिहितो आहे.

तर आता माझं म्हणणं ऐक. त्या सहाच्या सहा ओळी माझ्या आहेत. मी लिहिल्या, त्यातल्या शेवटच्या दोन मी मुद्दाम पाठवल्या, आणि त्या सगळ्या चूक आहेत. अंकुशनं काय करायले पाहिजे होतं म्हणजे मले ते कारण वाटलं असतं? तुझ्या अंगावर वळ पाहायची वाट पाहणारा बाप व्हायचं नाही मले. गल्लीचं तू टेन्शन घेऊ नको. कोणी विचारलं तर सांगीन, माझी पोरगी आपल्या घरी आली. त्याउपर विचारलं तर मी आहे आणि ते आहेत.

तू ये. नोकरीसाठी पुन्हा पुण्याले जायचं असेल तर जा, नागपुरात पाहायची असेल तर इथं पाहा, माझ्याशी वर्षभर बोलायचं नसेल तरी चालेल, पण राहायले घर नाही असं तुले एक दिवस वाटू नये. मले माफ कर असं म्हणायची लाज वाटते, तरी म्हणतो. माफ कर वं पोरी.

गल्लीच्या तोंडाशी ऑटो येऊन उभा राहिला, हॉर्न वाजवून राहिला. आत ऑटो येत नाही, पिशव्या मलेच न्याव्या लागतील. आई चपला घालून दारात आली आणि विचारून राहिली, "एवढं काय लिहिलं? मले सांगा, मीच तोंडी सांगते तिले." तुझी आई जन्मात खोटं बोलली नाही. पुण्याले येऊन तुझ्यासमोर ती जे सांगेल ते खरं समजूनच सांगेल, आणि तू तिच्यावर विश्वास ठेवशील. माझं खोटं तिच्या तोंडून मी जाऊ देणार नाही. म्हणून मी आता ऑटोवाल्याले थांबायले सांगतो, तिले खुर्चीवर बसवतो आणि हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो.

ऐकल्यावर ती काय करेल मले माहीत नाही. फाडून फेकेल, नाहीतर माझ्या तोंडावर टाकून पत्राशिवायच निघून येईल. ते तिच्यावर आहे. पण हे पत्र तुझ्या हातात आलं असेल, तर एवढं समजून घे की आईनं सगळं ऐकलं, आणि ऐकूनही ते तिनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवून तुझ्यापर्यंत आणलं. आता तिच्याकडं पाहा आणि काय ते ठरव.

तिच्यासमोर वाचायले उठलेला,
तुझा बाबा